अर्धं लुगडं

गणेशपेठ, नागपूर
रविवार, दि. १० सप्टेंबर १९७८

चि. रविंद्र यास,

सिंधूताईचे आशीर्वाद. सौ. प्रेमलतालाही सांग. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, पण आज ती रीत राहू दे. चार वेळा साबणानं हात धुऊन लिहायला बसले आहे, तरी बोटांना उंदराचा वास येतोच आहे.

गेल्या महिन्यात बाबा घरात पडले. तांडापेठेतल्या आपल्या त्या दोन खोल्यांत त्यांनी डब्यांची जी उतरंड रचली आहे, तिच्यात पाय अडकला. उजवं मनगट मोडलं आणि कमरेला मुका मार बसला. शेजारच्या अंजनाबाईनं आवाज ऐकला, पण दार उघडेना, कारण आतून सामान दाराला टेकलेलं. चार माणसांनी रेटून दार उघडलं, तेव्हा म्हातारा डब्यांखाली पालथा होता. तीन आठवडे दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी मला विचारलं, "घरी मोकळी हवा आहे ना?" मी शाळामास्तरीण, आणि मान हलवून हो म्हणाले.

मग शाळेतून आठ दिवसांची रजा घेतली आणि पदर खोचला.

तू आठ वर्षांत त्या घरात पाऊल टाकलं नाहीस म्हणून सांगते. वाचताना जेवत असशील तर ताट बाजूला ठेव. डालड्याचे डबे एकोणसाठ. त्यातल्या निम्म्यांत सुताला लावायची जुनी खळ, आंबून काळी पडलेली, वर बुरशीची साय. एका डब्यात झाकण उघडल्यावर उंदीर निघाला, वाळून पापड झालेला, शेपूट तेवढं शाबूत. संत्र्याच्या साली पोतंभर, मच्छर पळतात म्हणून जाळायला ठेवलेल्या, त्यांचा भुगा झालाय आणि त्यात किडे वळवळताहेत. मोडक्या छत्र्या अकरा. नाना काकांची कवळी. ते वारले त्याला पंधरा वर्षं झाली, कवळी या घरात कशी आली देव जाणे. आईच्या औषधाच्या बाटल्या. आणि एका पत्र्याच्या पेटीत आईच्या डोक्याचे गुंतवळ. ती बिचारी विंचरताना निघालेले केस भांडेवालीला द्यायला जमवून ठेवायची, आठवतं? ते गोळे बाबांनी ठेवलेत. त्यात झुरळांनी अंडी घातली आहेत. मी अंगणात जाऊन ओकले आणि परत येऊन कामाला लागले.

खाटेबद्दल लिहिणार नव्हते, पण लिहिते. ढेकणांनी सुतळ्या लाल झाल्या होत्या. उशीखाली पोळ्या, हिरव्या झालेल्या, एकावर एक. त्या माझ्या पोळ्या. गेली सहा वर्षं शाळा सुटली की मी डबा घेऊन जाते. "जेवले का बाबा?" म्हटलं की "हो वं" म्हणायचे. म्हणजे अर्धं खात होते, उरलेलं उशीखाली. टाकवत नाही त्यांना काही, पोटातही टाकवत नाही.

मी रॉकेल ओतलं, गरम पाणी ओतलं, खराट्यानं भिंती खरवडल्या. माझ्या यजमानांनी दोन दिवस मदत केली आणि तिसऱ्या दिवशी शिंका येतात म्हणून घरी बसले. माणसाला माहेराची लाज वाटावी ती अशी नवऱ्यासमोर.

नेमका पोळा आला, आणि दुसऱ्या दिवशी मारबत. म्हटलं, याहून चांगला मुहूर्त नाही. सगळं नागपूर घरातली इडापिडा बाहेर काढतं, मी तर गाडाभर काढलेली. गल्लीच्या तोंडाशी ढीग केला. दुपारी पोरांनी बांबूवर बाहुलीसारखी बांधलेली आपल्या गल्लीची छोटी मारबत निघाली, तिच्याबरोबर हातगाडीवर सगळं गेलं आणि तलावाकाठी तिच्यासकट जळलं. तिनं नेलं ते परत मागायचं नाही, एवढं तरी भिलाईत राहून विसरला नसशील.

त्यात एक वस्तू गेली. घरातल्या सामानाच्या तळाशी आपला माग होता. त्याच्यावर ते अर्धं लुगडं होतं, तुझ्या लग्नासाठी लावलेलं. तू तिकडंच आपल्या जातीबाहेर लग्न केल्याचं कळलं, त्या दिवशी बाबांनी हातातला आडव्या सुताचा धोटा खाली ठेवला आणि परत उचलला नाही. ना विणलं ना कापलं. वर सामान टाकत गेले. उंदरांनी खाऊन त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. कचऱ्याबरोबर गेलं, माझ्या लक्षातही आलं नाही.

बुधवारी बाबांना रिक्षातून घरी आणलं. दारात उभे राहून म्हणाले, "कोणाचं घर व्हय हे?" मग भिंतीला धरत आत आले, आणि मोकळ्या मागापाशी थांबले.

"सिंधू, मागावरचं कुठं गेलं वं?"

मला काय झालं कोण जाणे. तोंडातून निघालं, "रविंद्रले पाठवलं बाबा, भिलाईले. तुमच्या सुनेसाठी."

आठ वर्षांत त्या घरात 'सून' हा शब्द कुणी काढला नव्हता. मला वाटलं, काठी उगारतील. ते खाटेवर बसले. बराच वेळ प्लास्टरवरून डावा हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "पाहिलं का तिनं?" त्या दिवशी दोन पोळ्या पूर्ण खाल्ल्या. मी उशी उचलून पाहिली, खाली काही नव्हतं.

आता रोज पोस्टमन गेला की मला विचारतात. म्हणून हे पत्र. तू एवढंच कर, दोन ओळींचं कार्ड टाक, की कापड मिळालं. "ती उंबऱ्यात आली तर मी मेलो समज," असं तुला ते म्हणाले होते, हे मी विसरलेले नाही. तूही त्यांना जे बोललास तेही विसरलेले नाही. पण दोन ओळींनी तुझं काय जातंय?

तुझी,
सिंधूताई


गणेशपेठ, नागपूर
रविवार, दि. २४ सप्टेंबर १९७८

चि. रविंद्र यास,

आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. मी दोन ओळी मागितल्या, तू चौदा लिहिल्यास. "बाबा, कापड पाहून डोळ्यांत पाणी आलं. प्रेमलतेला काठ फारच आवडला. दिवाळीला आम्ही येतो, तेव्हा ती हेच लुगडं नेसून तुमच्या पाया पडेल." वाचून मला शिसारी आली, रविंद्र. त्या वाळक्या उंदराची आली नव्हती एवढी. आठ वर्षांत खरं चार ओळींचं पत्र तुला जमलं नाही, आणि खोटं लिहायला बसलास तर पेन थांबेना.

बाबांनी ते कार्ड अंजनाबाईच्या नवऱ्याकडून, रुपरावांकडून, तीन वेळा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा हसले. म्हणाले, "येडा हाय पोट्टा. अर्धं लुगडं नेसन कशी सून? पदर तं मी विणलाच नाही. सिंधू, लिही त्याले, वापस पाठव म्हणा. पलस्तर निघालं का दिवाळीच्या आधी पुरं करून देतो."

आणि नुसतं बोलून थांबले नाहीत. रुपरावांना त्याच रंगाचं सूत बघायला पाठवलं. मी घासून पांढऱ्या केलेल्या मागाच्या खड्ड्यात ते पाय सोडून बसले आणि डाव्या हातानं रिकामा धोटा फेकून पाहू लागले. दर वेळी तो अर्ध्यात पडायचा. वाकून उचलायचे, परत फेकायचे. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, सून येऊन राहिली दिवाळीले.

आता तुला सांगायचं ते सांगते. मागच्या पत्रात मी लिहिलं की लुगडं उंदरांनी खाल्लं होतं. खोटं आहे ते. एक कुरतड नव्हती त्याला. त्या सगळ्या घाणीत स्वच्छ अशी ती एकच वस्तू होती. धुतलेल्या धोतरात गुंडाळलेलं, आणि आत कडुनिंबाचा पाला. तो मी हातात घेऊन पाहिला. यंदाच्या उन्हाळ्यातला होता, अजून हिरवट. म्हणजे हा माणूस दर वर्षी त्या ढिगाखाली हात घालून तुझ्या बायकोच्या लुगड्याचा पाला बदलत होता. आणि मी दोन मैल चालत आणलेल्या पोळ्या उशीखाली सडत होत्या.

माझ्या लग्नात मी काय नेसले होते, तुला माहीत नसेल, तू अकरा वर्षांचा होतास. इतवारीतल्या दुकानातलं, गुलाबी, दुसऱ्या धुण्याला रंग गेलेलं. विणकराची लेक, आणि दुकानातलं नेसली. सासरच्या बायकांनी बोटांत धरून पाहिलं आणि एकमेकींकडं पाहिलं. मी बाबांना आधी विचारलं होतं. म्हणाले होते, गिऱ्हाइकाचं काम हाय, माग मोकळा नाही. दुसऱ्या दिवशी आई मला इतवारीत घेऊन गेली.

मारबतीच्या सकाळी मी ते कापड मांडीवर घेऊन बसले होते, तेवढ्यात अंजनाबाई दारात आली. "एखादं जुनं फडकं हाय का वं सिंधू? मारबतीले नेसवाले काही नाही." मी कात्री उचलली. ताण्याचे उभे धागे तोडताना कटकट आवाज होत होता. ते घेऊन मी स्वतः गल्लीत गेले आणि माझ्या हातानं तिला नेसवलं. निऱ्या पाडल्या. पदर नव्हताच, म्हणून वरचं टोक बांबूला टाचणीनं अडकवलं. जांभळं अंग, पिकल्या आंब्यासारखा काठ. अंजनाबाई म्हणाली, "काहून वं, हे तं कोरं हाय." मी म्हटलं, जुनंच आहे.

मग ती निघाली. "रोगराई घेऊन जा गे मारबत," असं सगळे ओरडत होते, आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. तलावापर्यंत गेले मी, बेचाळीस वर्षांची बाई, गर्दीत धक्के खात. पेटली तेव्हा काठ आधी जळला. मला बरं वाटलं, रविंद्र. फार बरं वाटलं. आता हे लिहिताना मला माझी किळस येते आहे, पण तेव्हा बरं वाटलं होतं हेही खरं आहे.

काल सकाळी बाबांना सगळं सांगितलं. त्यांना खड्ड्यात बसून तो धोटा फेकताना मला बघवेना. तुझं कार्ड मीच लिहायला लावलं तेही सांगितलं. कापड कोणी कापलं, कोणी नेसवलं, काही शिल्लक ठेवलं नाही. ते ऐकत राहिले. मी म्हटलं, मारा मला. म्हणाले, "मारबतीनं नेलं ते नेलं."

मी उठून चूल पेटवली, चहा केला, त्यांच्यापुढं ठेवला. कपाला हात न लावता म्हणाले, "तुले कोणता रंग पाहिजे होता वं?"

मला संताप आला. बावीस वर्षांनी विचारतो हा माणूस, एक हात प्लास्टरमध्ये घालून. मी म्हटलं, "आता नको बाबा काही."

"देतो म्हटलं का मी? रंग इचारला."

"जांभळाच," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. माझ्याकडं पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. चहा गार झाला होता, तसाच प्यायले. मग सदऱ्याच्या खिशातून तुझं कार्ड काढलं. मला वाटलं, फाडतात. दोन्ही बाजूंनी उलटंपालटं केलं. वाचता तर येत नाही.

"हे सारंच खोटं लिहिलं का मंग त्यानं?"

"कापडाचं खोटं आहे."

"आन् दिवाळीले येतो म्हणते, ते?"

मी म्हटलं, मला माहीत नाही बाबा. त्यांनी कार्ड परत खिशात ठेवलं.

खरंच मला माहीत नाही. या पत्राला उत्तर पाठवू नकोस. यायचं असेल तर दोघं या.

तुझी,
सिंधूताई