कोकिळेने विचारलेले तीन शब्द

आर्वी,
मार्च १९५५

प्रिय कोकिळा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. तीन इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारलेस, आणि खाली ‘बाकी सर्व कुशल’. तुझ्या आईनं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं, म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, मॅट्रिकला बसणाऱ्या पोरीले दुसरं काय सुचणार. डिक्शनरी कपाटात आहे, पण माझी रीत तुला ठाऊक आहे. सरकी काढायच्या जिनात कापसाच्या गाठी उचलता उचलता मी इंग्रजी शिकलो. कोण, कोणाला, कशापायी बोललं ते कानानं टिपलं की अर्थ आपसूक बसतो. तुलाही तसंच शिकवलं. म्हणून पुस्तकातलं वाक्य एकही देत नाही, सगळी ऐकलेली.

पहिला, टेम्पररी. जिनातल्या गोऱ्या साहेबानं टिनाचं शेड उभारलं, तेव्हा टिना मीच वाहत होतो. ‘धिस इज टेम्पररी,’ म्हणाला. साहेब विलायतेला गेला, त्याचं राज्य गेलं, शेड अजून उभं आहे. आज त्यात माझाच कापूस पडला आहे. दुसरं उदाहरण तुझ्या सासरचं, रोहण्याचं. दिवाळीला तुला भेटायला आलो, तेव्हा तुझ्या सासूबाई, आनंदाबाई, म्हणाल्या होत्या, ‘पुस्तकं सध्यापुरती माळ्यावर ठेवली, भाऊ. पाव्हणे गेले का काढू.’ संक्रांतीला पुन्हा आलो, तर माळ्याची शिडीच जागेवर नव्हती.

दुसरा, ऑब्जेक्शन. कोर्टात वकील हा शब्द ओरडतो, तेव्हा न्यायाधीश निदान कारण तरी विचारतो. संक्रांतीला तुमच्या ओसरीवर मी तुझ्या परीक्षेचं काढलं, तेव्हा प्रभाकरराव मला म्हणाले, ‘आय हॅव नो ऑब्जेक्शन, मामाजी.’ जावयाचं इंग्रजी ऐकून मी खूश. तेवढ्यात आत पितळेचं भांडं जोरात आदळलं. लगेच जावईबापू म्हणाले, ‘पण यंदा नाई जमणार.’ तू दाराआड होतीस. तुझ्या बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या. माझे कान अजून शाबूत आहेत, पोरी. मग चहा आला, सुपारी आली, कापसाच्या भावाच्या गोष्टी निघाल्या आणि मी उठलो. अंगणापर्यंतही तुला कोणी येऊ दिलं नाही. आतून कडी लागली, ती मात्र ऐकू आली.

इकडे शाळेतल्या शोभाबाई भेटल्या की विचारतात, सोमवारपासून पेपर, कोकिळा कधी येऊन राह्यली? मी हसून वेळ मारून नेतो. खरं तर आणखी एक वाक्य माझ्या कानात बसून आहे. लग्नाच्या मांडवात, हातात अक्षता घेऊन, चार माणसांदेखत आनंदाबाई बोलल्या होत्या, ‘पोरीले आम्ही मॅट्रिक करू, भाऊ.’ तू विचारला नाहीस, तरी सांगतो, याला इंग्रजीत प्रॉमिस म्हणतात.

तिसरा, डिसाइड. याचं उदाहरण शोधता शोधता थकलो. तुझ्याबद्दल काय ठरलं ते मी प्रत्येकाच्या तोंडून ऐकलं. तुझ्या तोंडून कधी ऐकलं नाही.

मला ठाऊक आहे, तुझ्या नावाचं पत्र आलं की प्रभाकरराव ओसरीवर मोठ्यानं वाचतात, आनंदाबाई पाटावर बसून ऐकतात आणि तू दाराआड उभी राहतेस. म्हणूनच सगळं असं सविस्तर लिहिलं, आणि पोस्टात न टाकता आपल्या गाडीवानाच्या, लहानूच्या हाती दिलं. दमणी तुमच्या दारात उभी आहे. बैल सोडायचे नाहीत, असं त्याला बजावलं आहे. दमणीत तुझी आई बसली आहे. जावईबापू, तुमची वाक्यं तुम्हीच वाचलीत. माझ्या ऐकण्यात काही चुकलं असेल तर दुरुस्त करा. आणि कोकिळा, तिसऱ्या शब्दाचं उदाहरण आता तुलाच द्यायचं आहे. आईला दमणीत ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं बोलजो.

कान तिकडेच लावून बसलेला,
तुझाच
बाबा