मागे उभे राहावे, हात लावू नये

दिनांक १४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार. सकाळी दूध घेतले. नळाला पाणी उशिरा आले. निशिगंधा मागच्या खोलीची किल्ली मागायला आली, दिली नाही. दुपारी कुळथाची पिठी आणि भात केला, अर्धा तसाच राहिला. चार वाजता साक्षीदार येणार आहेत. त्याआधी हे लिहून पुरे करायचे आहे.

मी, यशवंत गणेश पाध्ये, वय ६६, निवृत्त वरिष्ठ लिपिक, राहणार नाचणे रोड, रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. झोप लागत नाही आणि एका जागी बसवत नाही, पण त्याने विचारात फरक पडलेला नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. सल्ला मात्र सगळ्यांनी दिला आहे.

माझी पत्नी कै. मालन ही शाळेत पी.टी.ची शिक्षिका होती. सप्टेंबरमध्ये तापाने आठवड्यात गेली. रिपोर्टमध्ये लेप्टो होता. वजने उचलून तिच्या हृदयावर ताण आला असे लोक बोलतात. ते खोटे आहे, हे इथे लेखी नोंदवतो.

१. राहते घर आणि बँकेतील ठेवी मुलगी ईशा हिला मिळाव्यात, मागची खोली वगळून. परसातल्या दोन हापूस कलमांना तिने पावसाआधी स्वतः येऊन खत घालावे. ठाण्याहून फोन करून कलमे जगत नाहीत.

२. मागच्या खोलीत पूर्वी आंब्याची अढी घालत असू. मालनने त्रेचाळिसाव्या वर्षी तिथे पॉवरलिफ्टिंग सुरू केले. बार पाठीवर घेऊन ती खाली बसायची, मांड्या गुडघ्यांच्या खाली जाईपर्यंत, आणि पोटात दम धरून उठायची. मी मागे उभा राहून हात तयार ठेवायचो, तिच्याबरोबर बसायचो, उठायचो. उचल चालू असताना मागच्या माणसाने बारला हात लावला तर स्पर्धेत ती उचल बाद होते. घरातही तिने हाच नियम ठेवला होता. "पडले तर धरा. थरथरले तर धरू नका. थरथरतंय म्हणजे काम चाललंय." मी कधी हात लावला नाही. रुग्णालयातही तिच्या उशाशी उभा होतो. तिथे हात धरला, उपयोग झाला नाही.

३. धाकटा भाऊ राजाराम याला काही ठेवलेले नाही. कारण असे. एका जिल्हा स्पर्धेत माणूस कमी पडला म्हणून राजा मागे उभा राहिला. शेवटच्या प्रयत्नात मालन उठताना अर्ध्यावर अडकली आणि थरथरू लागली. याने दोन्ही हातांनी बार धरला. पंचांचे तीन लाल दिवे लागले, उचल बाद.

"वहिनी, तू पडली असतीस!"

"उठत होते रे मी, राजा."

तिने त्याला तिथेच चहा पाजला. मी वर्षभर त्याच्याशी बोललो नाही. वकील म्हणाले, ज्याला काही मिळत नाही तो साक्षीदार चांगला. म्हणून आज तोच येणार आहे.

४. मागची खोली, बार, वजने, स्टँड आणि बाक निशिगंधा शिवलकर, वय २१, राहणार मिरकरवाडा, हिला मिळावे. ती शाळेत असल्यापासून मालनकडे शिकते. जूनमध्ये जमिनीवरून वजन उचलताना तिची पाठ गोल झाली आणि कंबर धरली. मालनने तिला हळूहळू परत आणले. आधी चालणे, मग रिकामा बार, मग थोडे थोडे वजन. जड दिवसानंतर विश्रांती, चौथा आठवडा हलका, झोप पुरी.

"काकू, एवढंसं उचलताना बघून माझी आजी पण हसेल."

"आजीला घेऊन ये. तिचीही कंबर बघते."

जानेवारीत तिची राज्य स्पर्धा आहे. तिला पुन्हा इजा होऊ नये म्हणून अटी:
(अ) डॉक्टरांच्या लेखी दाखल्याशिवाय साठ किलोच्या वर जाऊ नये.
(आ) मागे कोणी उभे असल्याशिवाय बार पाठीवर घेऊ नये.
(इ) स्पर्धेत उतरण्यापूर्वी ईशाची परवानगी घ्यावी.
(ई) यातील अट मोडल्यास खोली ईशाकडे परत जावी.

५. मध्ये उठून फाटकापर्यंत जाऊन आलो. सकाळचे बोलणे लिहून ठेवतो.

"काका, किल्ली."

"कंबर बरी आहे?"

"काकूंनी एक आठवडा हलका सांगितला होता. तो कधीच संपला. आता ही विश्रांती नाही, नुसतं बसणं आहे. अंग विसरायला लागलंय."

"आणि परत धरली तर?"

"तर धरली. तुम्ही मागे उभे राहा की."

मृत्युपत्र झाले की बघू, असे मी म्हटले.

"म्हणजे तुम्ही मरेपर्यंत मी थांबायचं?" असे म्हणून ती चपला घालून निघून गेली.

कलम ४ पुन्हा वाचले. राजाने जे एकदा केले ते मी चार वेळा केले आहे. सबब अ ते ई या अटी रद्द समजाव्यात. यातील (आ) हा मालनचा नियम आहे. तो निशिगंधाला माहीत आहे, तिच्यावर अट म्हणून घालण्याचे कारण नाही. खोली व सामान तिला बिनशर्त मिळावे. मालकी माझ्यानंतर, वापर आजपासून. मागे मी उभा राहीन.

६. कलम ३ मात्र कायम. बदलले तर दुसरा साक्षीदार शोधावा लागेल.

७. मालनचा कमरेचा चामडी पट्टा कोणाला नाही. तो माझ्याबरोबर चितेवर ठेवावा. वास येईल, त्याबद्दल आताच माफी मागतो.

हे सर्व मी वाचून पाहिले. मला हेच म्हणायचे आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

(सही) यशवंत गणेश पाध्ये

साक्षीदार:
१. (सही) राजाराम गणेश पाध्ये, धाकटा भाऊ
२. (सही) हेमा मुकुंद जोगळेकर, शेजारी

स्थळ: रत्नागिरी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४

सहीखालचा मजकूर मृत्युपत्रात धरत नाहीत, हे मला ठाऊक आहे. राजाने सही करण्याआधी कलम ३ वाचले. "दादा, ती खरंच पडली असती रे," म्हणाला. हेमाताईंनी त्याच्यापुढे पेन धरले. चहा घेऊन दोघे गेले. निशिगंधाला फोन करून सकाळी ये म्हणून सांगितले.

मग मागची खोली उघडली. खाऱ्या हवेने बारवर गंज धरला होता. शिलाई मशिनचे तेल लावून पुसला. स्टँडचे हूक मालनच्या उंचीला होते. निशिगंधा बुटकी आहे. दोन्ही हूक काढून दोन भोके खाली लावले.