दुकानात मुक्ता

इंडस्ट्रियल एरिया, दोहा
नोव्हेंबर २००३

प्रिय मुक्ता,

अक्षर माझ्या खोलीतल्या हर्षलचं आहे, बोल माझे. मी तुटक बोलतो, तो जोडून लिहितो. पठ्ठ्या मधेच स्वतःचंही घुसडतो, तेव्हा जिथं मी फार शहाणा वाटेन तिथं तो आहे असं समज.

माझी नाइट ड्युटी आहे, असं हर्षल तुला दर शुक्रवारी फोनवर सांगायचा ना? थाप होती गं ती. क्रेनवरून उतरलो आणि उजवं अंग लुळं पडलं, वाचाच गेली. हात-पाय सावरले, पण तोंडातून नुसता आवाज. डोळ्यांपुढं तू लख्ख उभी, अन् तुझं नाव येईना! उशीत तोंड खुपसून रडलो.

इथल्या इस्पितळात बोलणं शिकवणारी बाई आहे, सेनादा. बोस्नियाची. लढाईत गाव सुटलं तिचं. मराठीचा म तिला ठाऊक नाही, म्हणून ड्युटी सुटली की हर्षल यायचा अन् चित्रांची मराठी नावं तिला सांगायचा. एकदा दुकानाचं चित्र निघालं. हर्षल दुकान म्हणाला, तशी बाई खुर्चीतून उठलीच! त्यांच्यात म्हणे दुचान, तुर्कांकडून आलेलं. इथले अरब दुक्कान म्हणतात. शब्द पाहुणा, पण ज्यानं त्यानं आपल्या घरची शेपटी लावलेली. आपण दुकानात म्हणतो, ती उ दुचानु म्हणते. हसता हसता ती वडिलांच्या दुकानाचं सांगायला लागली, हर्षल मला ते मराठीत सांगत गेला. लढाईत दुकान जळालं, वडीलही गेले. तिचे डोळे भरले आणि मला आपलं दुकान दिसलं, स्टुलावर चढून गुळाची ढेप काढणारी तू. तोंडातून निघून गेलं, दुकानात मुक्ता. सेनादानं माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं. हर्षल तर नाचलाच.

या दोघांचे उपकार कुठं फेडू गं? रोज देवापुढं सेनादाचं नाव घे. ती मुसलमान आहे म्हणून देव काही रुसायचा नाही. हर्षलच्या आईला घरी बोलाव, साडीचोळी कर.

आता हे का लिहिलं ते ऐक. महिनाअखेरच्या शुक्रवारी फोन मी करणार आहे, मी स्वतः. मधेच अडेन, गप्प होईन. लाइन गेली समजून फोन ठेवू नकोस. माझं वाक्य तू पुरं करायचं नाही, तुझी खोड आहे ती! कितीही वेळ लागू दे, माझं मला बोलू दे. तू फक्त फोन कानाला धरून राहा.

तुझाच,
संपत