डॅमसनचा पत्रा

मिडलविच,
शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५

प्रिय विल्फ,

मंगळवारी, १४ ऑक्टोबरला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तपासनिसाची हातोडी तुझ्या 'डॅमसन' या राहत्या बोटीच्या पत्र्यातून आरपार गेली. मी घड्याळ पाहिलं, कारण पुढे कोणीतरी वेळ विचारणार हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

पत्रात आधी खुशाली विचारावी असं शाळेत सिस्टर युफेमियाने आपल्याला शिकवलं, म्हणून विचारते. गुडघा कसा आहे? लँडुडनोची समुद्रकाठची हवा डोरीनला मानवली का? नव्या बंगल्याचं छप्पर गळत नाही ना? छान. आता ऐक.

'डॅमसन' आता टॅम्सिन आणि जोएल या तरुण जोडप्याची आहे, हे तुला आठवत असेल. गेल्या मे महिन्यात तू त्यांना ती विकलीस. बोट तीस वर्षांची झाली की विमेवाले तिला पाण्याबाहेर काढून पत्रा तपासायला लावतात, हेही तुला ठाऊक आहे. तिला तीस वर्षं सप्टेंबरात पूर्ण झाली. तू मे महिन्यात विकलीस. मी हे आधी योगायोग समजत होते. मी एकाहत्तर वर्षांची बाई आहे आणि अजून योगायोगांवर विश्वास ठेवते, यावरून माझी अक्कल काढायला तू मोकळा आहेस.

मंगळवारी तिला कोरड्या गोदीत घेतलं. पाणी उतरलं, बोट लाकडी ठोकळ्यांवर बसली, आणि हॅडन नावाचा तपासनीस खडू, जाडी मोजायचं यंत्र आणि हातोडी घेऊन खाली उतरला. मूळचा पत्रा सहा मिलिमीटर, विमेवाल्यांना निदान चार हवा. हॅडन जागोजागी डांबर खरवडून आकडे लिहीत गेला. साडेतीन. तीन. दोन पूर्णांक आठ. जोएल वर उभा राहून मोठ्याने वाचत होता, सुरुवातीला तरी. मग तो वाचायचा थांबला. मागच्या बाजूला, पाण्याच्या रेषेजवळ, हॅडनने हातोडीचं टोक मारलं तर खणखण झाली नाही, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज आला. दुसऱ्या ठोक्याला टोक आत गेलं. त्या भोकातून तपकिरी पाण्याची धार त्याच्या बुटावर पडली.

"अहो, तुम्ही आमची बोट फोडलीत!" जोएल ओरडला.

"मी फक्त दार ठोठावलं, बाळा," हॅडन म्हणाला. "आत पत्रा नव्हताच."

टॅम्सिन रडली नाही. ती सहा महिन्यांची पोटुशी आहे. तिने एवढंच विचारलं, "त्या भोकाच्या वर काय येतं?"

"तुमचा पलंग, बाई."

"मग पाच महिने आम्ही बुडलो कसे नाही?"

"डांबरामुळे. इतकं जाड डांबर मी रस्त्यावरही पाहिलेलं नाही."

तेव्हा गोदीचा म्हातारा क्लेम माझ्या शेजारी उभा होता. तो आपल्या चहाकडे बघत म्हणाला, "मार्चमध्येही याच जागी होती ही."

मी म्हटलं, "मार्चमध्ये विल्फने डांबर लावायला आणली होती."

"ते नंतर. आधी गिऱ्हाईक आलं होतं, स्टोकहून. सोबत तपासनीस घेऊन. त्याने आकडे वाचले, गिऱ्हाईक जेवणाच्या आधीच परत गेलं. मग तुमच्या भावाने डांबराचे दोन हात द्यायला सांगितले. दोन झाल्यावर म्हणाला, तिसराही दे. मी म्हटलं, विल्फ, म्हातारीला कितीदा पावडर लावशील?"

"आकडे वाचले तेव्हा विल्फ कुठे होता?"

"जिथे तुम्ही आता आहात तिथेच."

"आणि क्लेम, हे तू मला आज सांगतोस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, मिस गारसाइड. आणि बोट तुमच्याच घरची."

न विचारता दुसऱ्याच्या बोटीला नावं ठेवायची नाहीत, ही कालव्यावरची रीत. आपण दोघांनी या रीतीवर आयुष्य काढलं. फार सुसंस्कृत रीत आहे. तिच्या आडोशाला तुझ्यासारखे लोक सुखाने राहतात.

विल्फ, एखाद्या अडाण्याने हे केलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण सोळा वर्षं दर एप्रिलमध्ये बोट-क्लबच्या खोलीत नवख्या गिऱ्हाइकांसमोर उभा राहून उपदेश करणारा तू! जुनी बोट घेताना काय बघावं याचं ते पत्रक मीच टाइप केलं आहे, दरवर्षी, तुझ्या स्पेलिंगच्या चुका काढून. पितळेच्या चकाकीला भुलू नका, फळी उचला आणि खालचा वास घ्या. बोटीबरोबर धक्क्यावरची जागा मिळते असं समजू नका, ती वेगळी मागावी लागते. सुरक्षेचा दाखला म्हणजे गॅस, तारा आणि आग एवढंच, पत्र्याबद्दल तो चकार शब्द बोलत नाही. आणि काहीही झालं तरी बोट पाण्याबाहेर काढून बघा, विकणारा सख्खा भाऊ असला तरी. या शेवटच्या वाक्याला दरवर्षी हशा पिकायचा. तू हशा संपेपर्यंत थांबायचास आणि माझ्याकडे बोट दाखवायचास.

आणि मग तोच सुरक्षेचा दाखला तू टॅम्सिनच्या हातात दिलास आणि म्हणालास, "हे बघ पोरी, सगळ्यात पास." मी तिथे होते. मी ऐकलं. जाहिरातीत लिहिलंस, 'पत्रा भक्कम'. तीही मी जपून ठेवली आहे.

सध्या ती दोघं माझ्या बोटीवर राहतात. माझ्या बोटीची रुंदी किती ते तू जाणतोस. टॅम्सिन माझ्या पलंगावर झोपते, मी बाकावर, आणि जोएल, जो सहा फूट तीन इंच आहे, जमिनीवर. शेगडीत कोळसा टाकायचा तर त्याला ओलांडावं लागतं. तो म्हणतो, "मिस गारसाइड, माझ्यावर पाय द्या, मी काही दोन मिलिमीटरचा नाही." टॅम्सिन रुग्णालयातली कामाची पाळी संपवून येते आणि मोजे वाळत घालते. बाळ जानेवारीत येणार. फ्लॅटचं भाडं परवडत नव्हतं म्हणून तर त्यांनी बोट घेतली, आणि जवळचं होतं नव्हतं ते सगळं तुझ्या हातात ठेवलं. गोदी ३ नोव्हेंबरला रिकामी करून द्यायची आहे, क्लेमकडे पुढची बोट ठरली आहे. विमा नसलेली भोक पडलेली बोट पाण्यात सोडता येत नाही, आणि जमिनीवर ठेवली तर तिच्यात राहता येत नाही. त्या मुलांना घर नाही, विल्फ. तुला इतकं सोपं करून सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

इथपर्यंत लिहून मी उठले आणि पाठीमागची पितळी कडी उगाचच पुसून आले. आता उरलेलं लिहिते.

टॅम्सिनला तपासणी करून घ्यायची होती. तुझंच पत्रक वाचून ती आली होती, शहाणी मुलगी. २० मेचा दिवसही तिने गोदीत ठरवला होता. आदल्या आठवड्यात ती माझ्याकडे चहाला आली आणि तिने सरळ विचारलं, "तपासणीला पैसे पडतात, पण करावी ना? तुम्ही काय म्हणता?"

मी म्हटलं, "माझ्या भावाची बोट आहे. आमच्या घरात खोटं बोलत नाहीत." तिने त्याच दिवशी गोदीची वेळ रद्द केली.

मला पत्र्याचं काही ठाऊक नव्हतं, हे खरं. पण मी तपासणी टाळायला लावली ती त्यामुळे नाही. त्यांनी दुसरी एक बोट बघून ठेवली होती, ती उभी होती दूर लँकेस्टरकडे. तपासणीत आठवडा गेला असता, एखादी बारीकसारीक खोट निघाली असती, आणि ती दोघं तिकडे गेली असती. तू एप्रिलमध्येच सामान हलवलं होतंस. त्याआधी नोव्हेंबरात माझ्याबरोबर बोटीवर राहणारी ॲग्नेस वारली. बावीस वर्षं सकाळी उठल्यावर जिच्याशी भांडायचं ती गेली, आणि पाच महिन्यांनी शेजारची खिडकीही अंधारी झाली. जोएल पहिल्यांदा बोट बघायला आला तेव्हा त्याचं डोकं दाराला आपटलं आणि ती दोघं इतकी हसली की मी हातातलं भांडं खाली ठेवून ऐकत राहिले. धक्क्याच्या कचेरीत जाऊन तुझी जागा त्यांच्या नावावर करून आणली ती मीच. मला शेजार हवा होता. तू पैशांसाठी खोटं बोललास, मी शेजारासाठी तुझी हमी दिली. तुझ्या डांबराचा चौथा हात माझा होता.

हे मी काल टॅम्सिनला सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. ती म्हणाली, "किटली ठेवू का?" तिने मला थोबाडीत मारली असती तर मी जास्त बरी झोपले असते.

तेव्हा मी स्वतःला सोडलेलं नाही, आणि तुलाही सोडणार नाही. ज्या वकीलबाईंना मी विचारलं त्यांचं म्हणणं असं की दोन माणसांच्या आपसातल्या व्यवहारात खोट निघाली तर ती घेणाऱ्याच्या नशिबाची; पण विकणाऱ्याला ती माहीत होती आणि तरी त्याने भक्कम म्हणून लिहून दिलं, तर सौदा रद्द होतो. क्लेमच्या वहीत तारीख आहे, आकडे नाहीत. स्टोकचा तो माणूस सापडेल की नाही, देव जाणे. आकडे तुला माहीत आहेत.

तर तू टॅम्सिनच्या नावे पत्र लिहायचंस, स्वतःच्या हाताने, सहीनिशी. मार्चमध्ये कोणते आकडे वाचले गेले, ते तू ऐकलेस, आणि सौदा मोडून बोट परत घेतोस, एवढंच. क्षमा मागायची तर नंतर माग, ती कोणी सक्तीने घेत नाही. डोरीनला तब्येत खराब असल्याचं कळवायला सांगू नकोस. फोन करू नकोस. फोनवर तू फार गोड बोलतोस आणि मी तुला लहानपणापासून फार लवकर माफ करते.

ते पत्र आलं नाही तर मी माझं निवेदन वकीलबाईंच्या हाती देईन. त्यात चहाच्या दिवशी मी काय बोलले ते पहिल्या पानावर असेल आणि तू काय बोललास ते दुसऱ्या. कोर्टात ते मी स्वतः वाचेन, गावासमोर, आणि माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो.

लेखी उत्तर, शुक्रवार, ३१ ऑक्टोबर, दुपारी बाराच्या आत. बारा वाजून एक मिनिटाने आलेलं पत्र मी न फोडता परत पाठवीन.

त्या दिवशी बारा वाजेपर्यंत तुझी बहीण,
फिलोमिना