आतलं वर्तुळ

आंधळगाव,
६ जानेवारी १९७९

चि. कौशल्येस सोमाजीदादाचे अनेक आशीर्वाद.

आपल्या गावच्या शाळेच्या रौप्यमहोत्सवाचा बिल्ला तुला जवाहरनगरला मिळाला असेल. तुझ्या यजमानांनी, ज्या गोपाळरावांनी आपला हातमाग बंद ठेवून शाळेच्या भिंती उभ्या केल्या, त्यांचंच नाव त्यावर दिसत नाही. तुझ्या मोकळ्या कपाळाकडे मी आता कसं पाहू?

छपाईवाल्या डोमाजीनं चूक केली, असं मी गावभर सांगितलं. ते खोटं आहे. बिल्ल्याचं चित्र माझ्याकडे होतं; त्यासाठी त्यानं कागद पाठवला, त्यावर पेन्सिलीची दोन वर्तुळं होती. आतल्या वर्तुळाबाहेरचा कागद पत्र्यामागे दुमडतो, तिथं अक्षर नको, असं त्यानं बजावलं होतं. मी शाळेचा आंबा काढत बसलो. त्याच्याखाली पोरांनी माझ्याबरोबर म्हटलेल्या कविता पानापानातून ऐकू येत होत्या. झाडाची सावली काही आत मावेना. मग मी आतलं वर्तुळ रबरानं पुसलं आणि गोपाळरावांचं नाव कडेला नेलं. जाणूनबुजून, बाई.

हेडमास्तर भय्याजींनी डोमाजीला शाळेचं काम देणं बंद केलं आहे.

राग असला तरी चार ओळी धाड.

तुझा दादा

जवाहरनगर,
१० जानेवारी १९७९

ती. दादास कौशल्येचे शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

बिल्ल्याच्या मागचा पत्रा मी सुरीनं उचकटला. यांचं नाव तिथं दुमडून बसलं होतं. जितेपणी सभेतही असेच मागं बसत. मले रडू आलं, मग हसू.

पण झाडावर तू इतकं लिहिलंस अन् डोमाजीचं काम गेलं त्यावर एकच ओळ, ती काहून? आंबा तर फुलकोबीसारखा दिसून राहिला. यांच्या नावाचं मी पाहून घेईन. पण डोमाजीच्या वाटची माफी मी कशी देऊ? ते तुझं तुलेच जाऊन सांगावं लागेल.

गुडघ्याला तेल लावत जा. माया कमी झालेली नाही.

तुझी कौशल्या

आंधळगाव,
१५ जानेवारी १९७९

चि. कौशल्येस आशीर्वाद.

आधी भय्याजींपुढे उभा राहिलो, सगळं कबूल केलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. डोमाजीला काम परत देण्याची चिठ्ठी माझ्याच हाती दिली. ती घेऊन तुमसरला त्याच्या छापखान्यात गेलो, माफी मागितली.

डोमाजीनं चिठ्ठी वाचली, चहा मागवला. मग म्हणाला, मास्तर, नवे बिल्ले करू, चित्र तुम्हीच काढा. समोर कोरा कागद ठेवला. या खेपेला आतलं वर्तुळ त्यानं शाईनं काढलं होतं.

मधोमध आधी गोपाळरावांचं नाव लिहिलं आहे. उरल्या जागेत आंब्याची एक डहाळी मावते.

अशीच कान धरत राहा.

तुझा दादा