'गंदा' हा शब्द

मंगळवार, दिवेलागण

पालिकेच्या नव्या हिंदी यादीत राजपुरा वस्तीमागच्या ओढ्याच्या नावापुढे मला 'गंदा नाला' लिहायचं होतं. तसं लिहिलं की कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं रंगीत पाणी त्यात सोडता येतं. सकाळी मी तिथले दगड उलटून पाहिले. खाली जिवंत खेकडे. घाणीत खेकडे राहतील का?

कचेरीत हे सांगितलं, तर हेडक्लार्क हसले. "अरे भाऊ, ओढ्याला हिंदीत नालाच म्हणतात."

"नाला मान्य, साहेब. गंदा कुठून आला?"

"वरून आला. नोकरी पाहिजे ना?"

पाहिजे. माझ्यासारख्या सातवी नापासाचं कोण ऐकणार? तरी मसुद्यातलं 'गंदा' खोडलं आणि लिहिलं, 'नाला. केकड़े जीवित.' सही केली. मराठी हात विसरतो ते 'ड़'खालचं टिंब दोनदा तपासलं. आता चूक काढायची तर खेकड्यांत काढा.