टाकीतला भाटकार

आमोणे, डिचोली
शुक्रवार, दि. ३१ जानेवारी २०२५

चि. सौ. तेजस्विनी हिस दत्तारामचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. केरीला तू, गौरवी आणि तुझी आई खुशाल असाल. गौरवीच्या हनुवटीचे टाके सुकले असं परेशकडून कळलं. व्रण राहणार का, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मिरच्या यंदा बऱ्या आल्यात. पाववाला पोदेर रोज दारात सायकल थांबवून "सून येवंक ना?" म्हणून विचारतो आणि जुन्या सवयीने चार उंडे पाव जास्त ठेवून जातो. स्वयंपाक सध्या परेश करतो. मागच्या रविवारी माशाच्या हुमणात तो सोलं घालायला विसरला आणि मीठ दोनदा घातलं. मांजराने हुंगून तोंड फिरवलं. आम्ही दोघांनी मात्र ते संपवलं.

तू माहेरी गेल्याला येत्या सोमवारी तीन महिने होतील. परत कधी येणार, हे विचारायला मी पत्र लिहितोय असं तुला वाटेल. ते विचारायचा हक्क मला आहे का, हे पत्र संपल्यावर तूच ठरव.

आधी बातमी. भाटकार गेला. मेला नाही, काल वनखात्याची माणसं घेऊन गेली. मीच फोन करून बोलावलं.

तो आपल्या घरी का आला, हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. सुमंगला गेली त्या पावसाळ्यात नदीच्या बांधाला पाणी सोडायचं दार आहे, तिथे लावलेल्या जाळ्यात मासळीबरोबर मगरीचं वीतभर पिल्लू सापडलं. माझ्याबरोबर जाळं ओढणारा जयराम म्हणाला, सोड नदीत. मी बालदीत घालून घरी आणलं. तुझी सासू गेल्यावर माझ्यावर खेकसणारं घरात कुणी उरलं नव्हतं. तू नवी, त्यात पोटुशी, आणि परेश दिवसभर कामावर. ह्या पिल्लाला बोट दाखवलं की ते तोंड वासून चिडायचं. मला ते बरं वाटायचं.

नाव मीच ठेवलं. दिवसभर लोळायचं आणि दुसऱ्याने राबून आणलेलं खायचं, जमीनदारासारखं, म्हणून भाटकार. तू हसलीस, पण लगेच म्हणालीस, "बाबानू, ह्यो वाडतलो. मगे काय करतल्यात?"

मी तुझ्यावरच ओरडलो. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या पौष अमावास्येला बांधावर मातीची मगर करतात, तो आमचा राखणदार, घरच्यांना काही करायचा नाही, असं तुला ऐकवलं. केरीच्या लोकांना समुद्र कळतो, नदी कळत नाही, असंही म्हणालो. तो मात्र तू म्हणालीस तसाच वाढला. बालदीतून धुण्याच्या टाकीत गेला, मग परसात चिऱ्यांची टाकी बांधली, वर लोखंडी जाळी बसवली. चार फुटांचा झाला तरी माझी चाहूल लागली की काठाशी यायचा. मी सगळ्यांना सांगत सुटलो, मला ओळखतो म्हणून.

परवा अमावास्येला जयराम आणि मी बांधावर मगर करायला बसलो. यंदा मदतीला परेश आला नाही. डोळ्यांना शिंपले लावताना जयराम म्हणाला, "इतकीं वर्सां आमी हाका बांदार करतांव, दत्ताराम. घरा कोणें व्हेला कदी?" खरंच, कुणी नेलेला नाही. माझ्या बापाने नाही, त्याच्या बापानेही नाही. फुलं वाहायची, हात जोडायचे, त्याला तिथेच ठेवून आपण घरी यायचं. साठ वर्षं मी हेच करत आलो आणि त्यातलं एवढंसुद्धा मला समजलं नव्हतं.

आता दिवाळीनंतरच्या त्या रविवारचं लिहितो. तीन वेळा लिहायला बसलो आणि तीन वेळा मिरच्यांशीच अडकलो.

मी सगळ्यांना सांगितलं की तू फोनवर बोलत बसलीस, जाळी कुणीतरी उघडी टाकली आणि पोर आपणहून टाकीवर चढली. परेशने माझ्यावर विश्वास ठेवला. शेजाऱ्यांदेखत तो तुला नको ते बोलला. तूही मान खाली घालून ऐकून घेतलंस, कारण तू फोनवर होतीस हे खरंच होतं.

पण जाळी मी उघडली होती. गौरवीला मी उचलून काठावर बसवलं. तिच्या हातात बांगडा मी दिला, शेपटीला कसा धरायचा ते शिकवलं. आज्याचा भाटकार तिच्या हातचंही खातो, हे मला बघायचं होतं. त्याने बांगडा सोडून झग्याची कड धरली. मी तिला मागे ओढलं, कड फाटली आणि ती चिऱ्यावर तोंडघशी पडली. कड मजबूत असती तर काय झालं असतं, हे मी रोज बघतो. तुझी काही चूक नव्हती, तेजस्विनी. कणभरही नव्हती.

परवा बांधावरून आल्यावर हे परेशला सांगितलं. तो उठून बाहेर गेला, जेवायला आला नाही. काल सकाळी मी वनखात्याला फोन केला. त्यांनी भाटकाराचं तोंड दोरीने बांधलं, माझं नाव-गाव लिहून घेतलं. हा गुन्हा आहे, बोलावणं येईल, म्हणाले. येऊ दे. साहेब तरुण होता, चांगला होता. म्हणाला, "काका, ह्याला लगेच नदीत सोडता येणार नाही. माणूस दिसला की खायला मिळतं, एवढंच हा शिकलाय." म्हणजे तो मला ओळखत नव्हता. आणि मी त्याला नदीतही राहण्याजोगा ठेवला नाही. गाडी गेल्यावर मी टाकीजवळ बसून रडलो. तुला राग येईल, पण खोटं कशाला लिहू.

परेश हे पत्र घेऊन रविवारी येईल. त्याने ते वाचलंय. त्याला आत घ्यायचं की दारातूनच पाठवायचं, ते तुझं तू बघ. मी शब्द टाकणार नाही.

एकच मागणं आहे, तेही माझ्यासाठी नाही. ती पडल्यावर, तू धावत यायच्या आत, मी गौरवीच्या कानात सांगितलं होतं की हे आपल्या दोघांचं गुपित, आईला सांगायचं नाही. चार वर्षांची पोर, हनुवटीतून रक्त वाहत होतं आणि तिने मान हलवली. अजून दर फोनला शेवटी ती हळूच म्हणते, "आजा, हांवें कोणाक सांगूंक ना." तुला बोल लावताना ती समोर उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. तरी ती बोलली नाही, कारण मी सांगितलं होतं.

तिला जवळ घेऊन सांग, आज्याने स्वतःच आईला सगळं सांगून टाकलं. आता तुला गप्प राहायला नको, म्हणावं.

तुझा सासरा, तुझ्यावर खोटा आळ घेणारा,
दत्ताराम